चिलखताचं माप

आजारपणात बाबांना गेमचा नाद लागला. पण लेव्हल वाढली की जुनं चिलखत कुचकामी, नवं शोधा, याचा त्यांना भारी वैताग. म्हणून मी गेमचे नियम बदलणारा एक मॉड त्यात टाकून दिला. आता योद्धा वाढला की अंगावरचं चिलखतही त्याच्याबरोबर वाढायला लागलं.

बाबा खूश. "याला म्हणतात वस्तू! माणसाला धरून राहते." मग अंगातला शर्ट ओढून दाखवत म्हणाले, "हा बघ, किती जुना, अजून मापात बसतो. आणि म्हणे मी वाळलो! त्या डॉक्टरांचा काटाच बिघडलाय."

"बिघडलाच असेल," शिलाई मशीनवरून मान वर न करता आई म्हणाली.

बाबा आंघोळीला गेले, तसा आईने त्यांचा दुसरा शर्ट उलटा केला. दोन्ही बाजूंना आधीच्या दोन टिपा होत्या. त्यांच्या आत तिने तिसरी मारली.

मी कात्री पुढे केली. "आतलं जास्तीचं कापड कापून टाक की. टोचेल त्यांना."

"वेडी आहेस का!" तिने कात्रीच काढून घेतली. "ह्यांची लेव्हल वाढली की सैल करायला कापड नको?"