चौथ्याचं ‘हूं’

साल एकोणीसशे शहाण्णव. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात संगणक नवा होता. त्याच्या खोलीत तेव्हा चपला काढून जावं लागे. मुख्य प्रोग्रामला सगळे ‘आई’ म्हणत आणि तिने कामाला लावलेल्या प्रोग्रामांना ‘पोरं’. आलेला फोन आई एखाद्या पोराकडे सोपवी. पोर जवळची गाडी शोधून चालकाला निरोप धाडी. मधूनमधून आई हाक मारी. पोराने ‘हूं’ म्हटलं की पडद्यावर हिरवा ठिपका. गप्प राहिलं, तर त्याला मारून त्या जागी नवं पोर.

सुरुवातीला कामात गढलेली पोरंही उत्तराला उशीर झाला म्हणून मारली जात. तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीने ‘हूं’ कामापासून वेगळं काढलं. हात कुठेही अडकोत, तोंड चालू. साहेबांनी तिची पाठ थोपटली.

त्या दुपारी फोन घेणाऱ्या मावशींना एका बाईचा पुन्हा फोन आला. “अहो, गाडी कुठवर आली? ह्यांचे ओठ काळे पडलेत.”

मावशींनी पडदा पाहिला. काम चौथ्याकडे, ठिपका हिरवा. “निघालीय, बाई. धीर धरा.”

फोन ठेवून त्या मुलीकडे वळल्या. “तुझं चौथं पोर कधीचं एकच काम धरून बसलंय गं.”

“हूं म्हणतंय ना, मावशी? मग जिवंत आहे.”

“जिवंत आमचे हेही आहेत. दिवसभर खाटेवरून हूं हूं चालू असतं. उठून पाण्याचा तांब्या भरतील तर शपथ!”

मुलगी हसली, आणि हसता हसता थांबली. चपलांसकट आतल्या खोलीत धावली.

चौथं पोर आधीच्या कामातल्या एका गाडीच्या बंद पडलेल्या वायरलेसच्या उत्तराची वाट बघत बसलं होतं. बाईचं काम त्याच्यामागे तसंच पडून. मुलीने त्याला स्वतःच्या हाताने मारलं. क्षणात नवं पोर उभं राहिलं, त्याने पडलेलं काम उचललं, गाडी सुटली.

बाहेर मावशींचा फोन वाजला. “आता सावकाश येऊ द्या,” बाई म्हणाली. “घाई नाही.”

साहेब पुढे मोठ्या कंपनीत गेले. चालकाशी स्वतः बोलल्याशिवाय मावशींनी नोकरी संपेपर्यंत कुणाला ‘निघालीय’ म्हणून सांगितलं नाही.

मुलीने आता पन्नाशी ओलांडली आहे. परगावी एकट्या राहणाऱ्या आईला ती रोज फोन करते. ‘बरी आहेस ना?’ असं विचारत नाही. “सकाळपासून काय काय केलंस, ते सांग,” म्हणते. आई वैतागते. मुलगी फोन ठेवत नाही.