कोर्टाची पायरी

चिठ्ठी उघडून कारकूनबाई मध्येच थांबल्या, आणि नीलिमाने पर्स सावरली. न्यूझीलंडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. पुकारणारा माणूस अडखळला की ते नाव आपलंच. दवाखान्यात तेच, बँकेत तेच, आणि आज वेलिंग्टनच्या कोर्टात, निवाड्यासाठी साध्या नागरिकांतून ज्यूरी निवडतानाही तेच.

“नी... लायमा... शिर... सॅगर?”

क्षीरसागरातलं क्षीर गेलं, शिर तेवढं उरलं. नीलिमा उठली.

पर्समध्ये पत्र होतं. तिच्या नवऱ्याने, चंद्रहासने, रविवारी टाइप करून दिलेलं. ‘माझ्या पत्नीचं इंग्रजी पुरेसं नाही, तरी तिला या कामातून मोकळं करावं.’

“आमच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही,” तो म्हणाला होता, “आणि तू निघालीस चोराचिलटांचा निवाडा करायला! जज्जला हे दे आणि दुपारच्या ट्रेनने पोरिरुआला घरी परत ये.”

पत्र वाचून राग यायचा तर तिला मेलं रडूच आलं. सात वर्षं ती वृद्धाश्रमात कामाला होती. त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची कुरकुर, त्यांच्या चावट गमती, शेवटी शेवटी ते पुटपुटायचे ते, सगळं तिला इंग्रजीतच कळत होतं. ते पुरेसं नव्हतं?

सकाळी, अडचण असेल त्यांनी पुढे या म्हटल्यावर निम्मा हॉल उठला होता. कोणाच्या दाताची अपॉइंटमेंट, कोणाची फिजीची तिकिटं, कोणाच्या घराला रंग चाललेला. नीलिमाचा हात पर्समध्ये गेला, पत्राला लागला, आणि तिथेच राहिला. शेजारी शॉर्ट्स घातलेला एक सुतार बसला होता. तो म्हणाला, “उठायची गरजच नाही. नाव आलं की वकिलाकडे रागाने बघायचं. तो आपणहून म्हणतो, चॅलेंज, म्हणजे हा नको. झाली सुट्टी! हीप्स ऑफ पीपल डू इट.”

आणि खरंच, आत आल्यावर तसंच झालं. सुताराचं नाव आलं, त्याने डोळे वटारले, वकील म्हणाला, “चॅलेंज!” आणि पठ्ठ्या हसत हसत जागेवर परत आला. मग एका शाळामास्तरणीला तसंच परत पाठवलं. कारण विचारायची सोय नाही. खुर्चीत टेकेपर्यंत वकिलांना तो एक शब्द उच्चारायची मुभा. एकदा टेकलात की तुम्ही ज्यूरी.

नीलिमा चालू लागली. चार पावलं टाकली आणि तिला स्वतःचंच कळून चुकलं. तिला परत फिरायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. आजवर ह्या देशात तिला लोकांनी पत्ता विचारला होता, वय विचारलं होतं, कुठून आलात विचारलं होतं. तुम्हाला काय वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

चष्म्याआडून वकील बघत होता. आधी हातातल्या यादीकडे, मग तिच्या टिकलीकडे. ‘म्हणू नकोस रे बाबा, म्हणू नकोस.’ तिने पावलं उचलली. आता तीन पावलं. आता दोन. आली खुर्ची.

खुर्च्यांच्या अलीकडे एक लाकडी पायरी होती.

दुकानाची असो, शाळेची असो, गणपतीतल्या स्टेजची असो, पायरी आली की नीलिमाची बोटं आपोआप खाली जायची आणि मग कपाळाला लागायची. लहानपणापासूनची सवय. अर्धी वाकल्यावर तिच्या ध्यानात आलं, अगं बये, ही काय वेळ आहे? पटकन टेकायचं सोडून! गुडघ्याने नेमका तेव्हाच दगा दिला. कठड्याला धरून ती वाकलेलीच. वकिलाचं तोंड उघडलेलं तिने स्वच्छ पाहिलं.

त्याने तिची बोटं पायरीवरून कपाळाकडे जाताना बघितली. आरोपीच्या पिंजऱ्यातला, वेडावाकडा टाय बांधलेला माणूसही बघत होता.

वकिलाने तोंड मिटलं. यादीवर काहीतरी खूण केली.

नीलिमा धपकन बसली. हुश्श! पाठीला घामाची धार लागली होती.

“काही पडलं का, डिअर?” शेजारच्या खुर्चीतल्या जाडजूड सामोअन आजी कुजबुजल्या.

“नो, नो. ऑल गुड,” नीलिमा म्हणाली. तिचं हसू काही केल्या आवरेना.

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन लावला. पहिली रिंग संपायच्या आत चंद्रहासने उचलला.

“काय गं, सुटलीस का?”

“सुटले हो एकदाची!”

“बघ! म्हटलं नव्हतं? पत्राने काम केलं ना?”

“पत्र पर्समध्येच आहे. अहो, घेतलं मला. आठवडाभर कुकर तुम्हीच लावायचा.”

मग न राहवून त्याने हळूच विचारलं, “केस कसली आहे गं?”

लग्नाला तीस वर्षं झाली होती. नीलिमाने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली.

“सॉरी, चंद्रहास,” ती म्हणाली, “आय ॲम नॉट अलाउड टू डिस्कस इट.”