वस्त्रगाळ

महिनाभर अडुळशाचं चूर्ण चाटवूनही नवऱ्याचा खोकला हटेना, म्हणून पासलीच्या सगुणाबाईनं पुडी भोरच्या वैद्यांपुढं ठेवली. "भरड आहे," वैद्य म्हणाले, "जितकं बारीक, तितका गुण." पुढच्या खेपेला तिनं चाळून नेलं, तरी भरडच. खोट काढण्यात वैद्यांचा हात कुणी धरला नसता. तिसऱ्या खेपेला तिनं ते लग्नातल्या लुगड्याच्या पदरातून गाळून नेलं. पुडी उघडताच वैद्यांच्या श्वासानंच थोडं उडालं.

"आता तरी मालकास्नी उतार पडंल न्हवं?"

वैद्य चिमूट नुसती चोळत राहिले. मान काही वर करेनात.

सगुणाबाईनं पुडी पुन्हा बांधली.

"ऱ्हाऊ द्या, वैद्यबुवा. भरडच असंल. पुन्यांदा दळते."