नाकासमोर चालणारा

मागच्या भाडेकरूने घर सोडलं, पण त्याच्या पाच मांजरांचा वास काही घर सोडेना. बघायला येणारा प्रत्येक जण नाक मुरडून दारातूनच परत जाई. घरमालकिणीच्या अगदी नाकी नऊ आले, तेव्हा तिने वास घालवणाऱ्याला बोलावलं.

माणूस कामाला पक्का. आधी तिला पुढे घालून तो सगळ्या खोल्यांतून फिरला. जिथे जिथे तिने नाकाला रुमाल लावला, तिथे तिथे त्याने खडूने फुली मारली. मग दोन दिवस त्या फुल्यांवर औषध ओतून घासत बसला.

तिसऱ्या दिवशी तो फुल्या पुसत असतानाच एक शिक्षिका घर बघायला आली. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थबकली. "इथे मांजर होतं का हो? अजून वास येतोय."

घरमालकिणीचं तोंड उतरलं. "यांनाच विचारा. अठरा वर्षं हेच काम करताहेत."

शिक्षिका त्याच्याकडे वळली. "काका, खरं सांगा, तुम्हाला येतोय वास?"

"नाही बाई. मला नाही येत."

"अजिबात?"

"अजिबात."

आता जाणकारापुढे काय बोलणार? "मग माझंच नाक बिघडलं असेल," असं पुटपुटत तिने नाक मुठीत धरून भाडेकरारावर सही केली.

तो उरलेल्या फुल्या पुसायला लागला. नाकासमोर चालणारा माणूस, खोटं त्याला कधी जमलंच नाही. औषधांच्या वाफांपायी दहा वर्षं झाली, त्याला खरंच कसलाच वास येत नव्हता.