शेवटचं पान आधी वाचत नाहीत

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तन उभं राहायला अजून वेळ आहे, तोवर डोणगावच्या पंजाबराव गुरुजींची गोष्ट सांगतो. गोष्ट खुनाची आहे; पण भिऊ नका, खून अमेरिकेत झालेला आहे.

गुरुजी त्या दिवशी सकाळपासून धुमसत होते. सतरा दिवस झाले, खुनी सापडत नव्हता.

काचबिंदूनं दोन वर्षांमागं त्यांचे डोळे नेले. त्याआधी एका जुन्या अमेरिकन लेखकाच्या रहस्यकथांची मराठी भाषांतरं त्यांनी वाचनालयातून आणून एकेक करत संपवली होती. शंभर वर्षांपूर्वीचा लेखक. सगळे पुरावे वाचकापुढं मांडायचा, आणि शेवटच्या पानावर असा खुनी काढायचा की वाचणाऱ्यानं कपाळावर हात मारून घ्यावा. एकच पुस्तक गुरुजींनी म्हातारपणासाठी राखून ठेवलं होतं. म्हातारपण आलं ते अंधार घेऊन. आता वय ब्याऐंशी. "तो एक खुनी समजला का मी मोकळा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

वाचायला घरात त्यांची बायको विमलबाई होत्या. त्यांचं वाचन गावाला ठाऊक. सप्ताहात पोथीवर बसल्या की एक ओवी अडखळत नसे. गुरुजींनी बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला, तेव्हा हजेरीत पहिली सही त्यांचीच होती. त्या वर्गाचं मानपत्र अजून बैठकीत टांगलेलं आहे.

गुरुजींनी वाचनालयाच्या सईदला फोन केला. त्यानं पुस्तक टेबलावर काढून ठेवलं, विमलबाई जाऊन घेऊन आल्या. गुरुजींनी त्यांना आधीच बजावलं, "आयक, बंद खोलीत एक शेठ मरून पडला हाय. घरात चार माणसं. त्यातला खुनी कोण, एवढंच पाह्यचं."

विमलबाई हातपाय धुऊन, देवाचं नाव घेऊन रोज एक अध्याय वाचायच्या. पोथीसारखाच.

पण पुस्तक काही सरळ चालेना. जासूद आला, त्यानं बोटांचे ठसे घेतले नाहीत. स्वयंपाकिणीच्या लेकराला ताप होता, तर हा औषध आणायला गेला. शेठच्या पुतण्याला आई नव्हती, तर हा त्याच्याजवळ बसून राहिला.

"हा जासूद हाय का कीर्तनकार?" गुरुजी म्हणाले.

"जे लिहेल हाय ते वाचून राह्यली मी."

"जबाब घ्याचे सोडून सगळ्याइचं रडणं आयकत बसला. भाषांतरवाल्यानं मातेरं केलं पुस्तकाचं."

"त्याले काऊन शिव्या देता? त्यानं तुमचं काय खाल्लं?"

बाराव्या दिवशी गुरुजींनी हात पुढं करून पुस्तक चाचपलं. उजवीकडं बोटभर जाडीचीच पानं उरली होती.  एवढ्या पानांत हा माणूस खुनी कधी पकडणार?

"विमल, शेवटचं पान काढ. नाव तेवढं सांग."

"समाप्ती आधी करत नाहीत."

"पोथी हाय का ते?"

"पुस्तक म्हणजे पोथीच. एवढी वर्षं मास्तरकी केली, अन् मलेच शिकवा लागते तुमाले."

गुरुजी तोंड फिरवून बसले. चहा थंड झाला, तरी हात लावला नाही. मग संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "बरं, त्या पोट्ट्याचा ताप उतरला का?"

"उद्या कळंन."

असं करता करता अठरावा दिवस उजाडला. विमलबाई नेहमीपेक्षा हळू वाचत होत्या. मधेच थांबायच्या, पाणी प्यायच्या. शेवटी जासुदानं चौघांना एका ओळीत बसवलं आणि म्हणाला, या शेठला कोणी मारलं नाही. घरात चार माणसं होती, पण त्याच्या ताटाशेजारी कोणी बसत नव्हतं. त्यातच तो झुरून गेला.

"झालं. समाप्त," विमलबाईंनी पुस्तक मिटून कपाळाला लावलं.

 गुरुजी इतके तापले की काठी हातातून सुटून पडली.

"झुरून मेला? मंग जासूद कायले बोलावला? हा लेखक असं लिहूच शकत नाही. तीस पुस्तकं वाचली मी त्याची."

विमलबाईंनी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. पदर खोचला आणि मंदिरात कीर्तनाला निघून गेल्या.

गुरुजींनी लगेच सईदला बोलावून घेतलं. तो येऊन टेकतो न टेकतो तोच पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं. "हे वापस ने. अन् प्रकाशकाले कडक तक्रार लिही, मी सांगतो तशी. पानं बदलवली हायेत कोणी तरी."

सईदनं पुस्तक उघडलं. दोन पानं उलटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"काय झालं बे?"

"गुरुजी, तुमचं पुस्तक तं माह्या टेबलावरच हाय. मले वाटलं, काकू आल्याच नाहीत. हे आमच्या घरच्या शकीलाचं हाय, टेबलावर राह्यलं होतं, पंधरा दिवस झाले शोधून राह्यली ते. खाकी कव्हर सगळ्याइलेच एकसारखं, काकूनं चुकून उचललं असंन." तो थांबला. "गुरुजी, हे सगळं उर्दूत हाय."

गुरुजींनी मानपत्राच्या भिंतीकडं तोंड वळवलं, मग बराच वेळ काठी शोधत राहिले. काठी पायाशीच होती.

"पळत जाऊन तुमचंवालं आणू का?" सईद म्हणाला. "शेवटचं पान वाचतो, दहा मिनिटांत खुनी सांगतो तुमाले."

"नको. काकू कीर्तनाहून आली का तिच्या हाती दे," गुरुजी म्हणाले. "उद्यापासून काकूच वाचंन ते. अन् उर्दूचं कोणापाशी बोलू नको."

तर मंडळी, आज देवापुढं हात जोडाल, तेव्हा विमलबाईंची आठवण असू द्या.