पगाराचा रकाना
सिंगापूरमधल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये शांताबाई रोज चाळीस डबे भरत आणि मुलगा उज्ज्वल ते घरोघरी पोचवी. रिझर्व्हिस्ट, म्हणजे राखीव सैनिक, म्हणून त्याला दोन आठवडे लष्कराच्या कॅम्पला बोलावणं आलं. बुडणारा पगार सरकार भरून देतं, त्यातून बदली माणूस ठेवू, डबे चुकायला नकोत, असं शांताबाईंनी ठरवलं. भरपाईचा फॉर्म भरता भरता उज्ज्वल थबकला. "आई, पगार किती लिहू?" "घरच्या पोराला कसला रे पगार?" लागतील तसे पैसे तो देव्हाऱ्यामागच्या बरणीतून घ्यायचा. "मग भरपाई किमानच मिळेल. बदली माणूस त्याच्या दुप्पट मागतोय." दहा वर्षं पोर राबलं, आणि कागदावर किमान! तो कॅम्पला निघताना त्यांनी त्याच्या हातावर दही ठेवलं. "किती द्यायला हवं होतं रे तुला?" दही चाटून तो हसला. "तुला परवडलं नसतं, आई." दार लागलं. ओट्यावर चाळीस डबे अजून गरम होते, आणि न्यायला कुणीच नव्हतं.