सिदूला काय भरवायचं

सिदूनं तिसरा घासही थुंकला, तेव्हा त्याच्या आजीनं, सारजाबाईनं, वाटी खाली ठेवली.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. सिदू सहा महिन्यांचा. त्याचे आई-बाप, तुळजा आणि आसाराम, नगरकडच्या एका सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला गेले होते. तलवाड्याजवळच्या त्यांच्या वाडीतून ते दोघंच गेले. टोळीतली बाकी माणसं लांबच्या गावची. पोराला मागं ठेवायचं तुळजानंच ठरवलं. पहिली पोरगी दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपीत, थंडीनं गेली होती. निघताना तुळजा बैलगाडीत पाठमोरी बसली. पोराकडं बघितलं असतं तर ती उतरली असती.

त्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ होता. सोसायटीत रेशनला लाल मिलो, परदेशी ज्वारी, यायची. तिच्या पेजेला सिदू तोंडच लावत नव्हता. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर सुकडी, गोडसर कोरडं पीठ, मिळायची, तीही त्यानं जिभेनं बाहेर ढकलली. दिवसभर शेळीच्या दुधाच्या चार चमच्यांवर पोर राहायचं आणि संध्याकाळी दाराकडं बघून रडायचं.

सारजाबाईनं शाळेतल्या त्रिंबक मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं. पोरगं खात नाही, काय करू, एवढंच.

दहा दिवसांनी तुळजाचं उत्तर आलं. तळावरच्या दुकानदारानं ते तिच्या तोंडून लिहून घेतलं होतं. मास्तरांनी ओट्यावर उभं राहून वाचलं. पोराला मांडीवर नको, समोर बसवा, आधी तुम्ही खाऊन दाखवा, असं तिनं कळवलं होतं. शेवटी विचारलं होतं, सिदू माझी आठवण काढतो का.

सारजाबाईनं तसं केलं. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सिदूनं तिच्या हलत्या तोंडाकडं बघत आपलं तोंड उघडलं. त्या दिवशी त्यानं पाच चमचे पेज खाल्ली. आठवण काढतो, लई काढतो, असं सारजाबाईनं उलट कार्डात कळवलं.

दिवाळीनंतर कार्डं नेमानं येऊ लागली. दर पंधरा दिवसांनी एक. कार्डावर तारीख नसायची, पण अक्षर त्याच दुकानदाराचं. मुगाची डाळ भाजून तिचं पीठ करा, पातळ शिजवा, वरून गुळाचा खडा फिरवा. पुढच्या कार्डात, आता हिरड्या शिवशिवत असतील, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून पळीनं घोटा. त्याच्या पुढच्यात, जबरदस्ती करू नका, तोंड मिटलं तर वाटी उचला, भूक लागली की तो स्वतः हात पुढं करील.

आणि सिदू करायचाही. हळूहळू त्याच्या दंडावर मांस चढलं. खडीच्या कामावर सारजाबाई त्याला लिंबाखाली झोळीत ठेवायची आणि दुपारी डब्यातल्या कण्या भरवायची. बाजूच्या बाया विचारायच्या, एवढ्या दुष्काळात पोर कशानं बाळसं धरतंय. सारजाबाई म्हणायची, माझी सून तिकडून रांधती, मी नुसती भरवती.

पौषात चाऱ्यावाचून शेळी मेली. सारजाबाईनं ते मुद्दाम कळवलं. तरी पुढच्या कार्डात होतं, कण्यांत शेळीचं दूध घाला. मास्तरांनी ते वाचलं आणि सारजाबाईला वाईट वाटलं.

"एवढं कळवलं व्हतं, तरी ध्यानात न्हाई तिच्या," ती म्हणाली.

मास्तर म्हणाले, दिवसभर ऊस तोडणारं माणूस, राहिलं असेल. तिनं मान हलवली. पण दुसरीही एक गोष्ट तिला टोचत होती. दिवाळीपासून एकाही कार्डात तुळजानं आठवणीचं विचारलं नव्हतं. सिदूला ताप येऊन गेला, पहिला दात आला, तो भिंतीला धरून उभा राहिला, सगळं सारजाबाईनं कळवलं. त्यातल्या कशालाच उत्तर नव्हतं. फक्त पुढं काय रांधायचं तेवढं असायचं.

पाडव्याच्या आधी कार्ड आलं. ते सगळ्यांत लांब होतं. भाकरीचा पापुद्रा काढा, वरणात भिजवा, बोटानं कुस्करा. आधी त्याच्याच हातात द्या, सांडू द्या. एकदा भाकरी खायला लागला की तुम्ही जेवाल ते तो जेवील, मग वेगळं रांधायला नको. ही गोष्ट लगेच कळवा.

सिदूनं चौथ्या दिवशी भाकरी खाल्ली. सारजाबाईनं त्याच दुपारी मास्तरांना गाठून कळवलं.

नंतर महिनाभर कार्ड आलं नाही. कारखाना बंद व्हायची वेळ झाली होती, आता माणसंच येतील, असं मास्तर म्हणाले. सारजाबाईनं घर सारवलं. तुळजा आल्यावर तिला काय काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. आधी शेळीवरून रागवायचं, मग पोर तिच्या ओटीत घालायचं.

वैशाखात एका सकाळी आसाराम आला. एकटाच. डोक्यावर वळकटी होती आणि गालफडं बसली होती. सिदू ओट्यावर भाकरीचा तुकडा चघळत होता. त्यानं बापाला ओळखलं नाही. आसाराम वळकटी न उतरवता त्याच्याकडं बघत राहिला.

सारजाबाईनं त्याच्यामागं वाटेकडं पाहिलं.

"तुळजा मागून येती का?"

आसारामनं वळकटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला.

"माय, तुळजा दिवाळीनंतर पंधरवड्यातच गेली. तापानं. ती समदी कार्डं तिनं पडल्या पडल्या दोन दिवसांत लिहून घेतली, मी नुसती एकेक टाकीत होतो. पोरगं भाकरी खायला लागेपतूर आत्याबाईला सांगू नका, म्हणाली."